मोघ्यांचा तिसरा फोन

सोमवार, १६ ऑक्टोबर २००६. सकाळचे सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती आणि चंद्रशेखर मोघे ऑफिसात एकटेच होते. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या त्या पत्र्याच्या इमारतीचं कुलूप त्यांनी नुकतंच उघडलं होतं, दिवे लावले होते, फॅक्समध्ये कागद आहे ना ते पाहिलं होतं. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर पडद्याच्या मधोमध कामांच्या आठवणींची चौकट उघडली. वर आकडा होता १३९. मोघ्यांनी पहिली आठवण वाचली, अर्ध्या तासाने पुन्हा आठवण कर असं यंत्राला सांगितलं आणि दुसरी वाचायला घेतली.

कंपनी कूलरूमची देखभाल करायची. खाटकाच्या दुकानात, हॉटेलात, कोपऱ्यावरच्या डेअरीत माल ठेवायच्या ज्या थंड खोल्या असतात, त्यांची यंत्रं, पंखे, दारांची रबरं. डेअरी म्हणजे इथलं दूध-पावाचं दुकान. सहा तंत्रज्ञ व्हॅन घेऊन ऑकलंडभर फिरत. कोणी कुठे जायचं, कोणता सुटा भाग कधी मागवायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय हे मोघे बघत. पाच वर्षं बघत होते. या पाच वर्षांत त्यांच्या हातून एकही काम राहून गेलं नव्हतं. ऑफिसात हे सगळ्यांना मान्य होतं आणि अडचणही तीच होती.

३१ जुलैला सर्व्हिस मॅनेजर नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्याच्या जागेवर मोघ्यांना तीन महिन्यांसाठी बसवलं गेलं. जमलं तर जागा त्यांची, नाही तर बाहेरून माणूस आणायचा, असं ठरलं होतं. मोघे तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. चिंचवडच्या पंपांच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली बावीस माणसं होती. न्यूझीलंडला आल्यापासून एकही नव्हतं. ते स्वतः हे कधी बोलून दाखवत नसत. त्यांच्या पत्नी सुचित्रा ओटाहुहूत एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होत्या. त्यांनी ऑगस्टच्या पहिल्याच रविवारी महाराष्ट्र मंडळात ‘शेखर मॅनेजर झाला’ असं सांगून टाकलं होतं. तीन महिन्यांचा भाग त्यांनी गाळला होता.

त्या सोमवारी नऊ वाजता शाखाप्रमुख ग्रॅहम मोघ्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. हा मितभाषी माणूस, मूळचा डनीडनचा. त्याने पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावरची कामं मोजायला सुरुवात केली आणि चाळीसपर्यंत जाऊन सोडून दिली. हे सगळं तुझ्या नावावर का आहे, असं त्याने विचारलं. मोघ्यांनी खरं ते सांगितलं, की दुसऱ्याच्या नावावर टाकलं तर ते झालं की नाही हे कळायचं कसं.

ग्रॅहमने पेन्सिल खिशात ठेवली.

“कामं करणारा माणूस मला नकोय, शेखर. तो आहेच. मला कामं देणारा माणूस हवाय. पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी पुन्हा मोजणार. तुझ्या नावावर दहाच्या वर काही दिसलं, तर मी जाहिरात देतो.”

एवढं बोलून त्याने खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

मोघ्यांनी हा हुकूम मनावर घेतला. ऑफिसात सगळ्यांकडे आउटलुक होतंच. मोघे त्यात काम लिहीत, तारीख घालत, आठवण लावत. तेच काम दुसऱ्याला पाठवण्याची सोय त्यात आहे हे त्यांना माहीत होतं; वापरायची वेळ आली नव्हती. काम पाठवलं की पलीकडच्याने ते स्वीकारायचं किंवा नाकारायचं. स्वीकारलं की मालक तो. पाठवणाऱ्याकडे त्याची नुसती नक्कल राहते, पलीकडच्याने टिक केली की नकलेवरही रेघ पडते.

मंगळवार दुपारपर्यंत मोघ्यांनी १२९ कामं वाटून टाकली. बरीचशी लुपेला गेली. लुपे टोंगा बेटांवरची, फोन घेणारी आणि व्हॅन रवाना करणारी. तिचं टेबल मोघ्यांच्या टेबलापासून सहा फुटांवर होतं. उरलेली तंत्रज्ञांना गेली. ते सकाळ-संध्याकाळ वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवर आपापली यादी बघत.

प्रत्येक काम पाठवताना पडद्यावर एक छोटी चौकट येई. या कामाची आठवण बंद केली आहे, कारण तुम्ही आता या कामाचे मालक नाही, असं तिच्यात लिहिलेलं असे. खाली फक्त ‘ओके’ होतं. मोघ्यांनी ते १२९ वेळा दाबलं. पण आठवण बंद होणं त्यांना पटेना. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक कामामागे त्यांनी स्वतःसाठी एकेक नवीन काम लिहिलं. त्यांची नावं अशी होती: ‘विचारणे – लुपे – पंख्याची ऑर्डर’. ‘विचारणे – विरेमू – ओटाहुहू, दाराचं रबर’.

बुधवारी सकाळी सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी चौकट उघडली तेव्हा आकडा होता १३९.

चिंचवडला हे असंच चाले आणि उत्तम चाले. तिथे काम सांगणं ही नुसती सूचना असे. दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला कळे, की साहेब विसरलेले नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं की काम सुरू होई. पहिल्याच सांगण्यावर कामाला लागणारा माणूस तिथे उतावळा समजला जाई, कारण निम्मी कामं दुसऱ्या विचारण्याच्या आधीच रद्द होत. मोघे बावीस माणसांना दिवसाकाठी साठेक वेळा विचारत, आणि तिथून निघाले तेव्हा निरोपाच्या भाषणात तिघांनी त्यांच्या पाठपुराव्याचा उल्लेख केला होता.

माउंट वेलिंग्टनमध्ये ते लुपेला काम पाठवत, मग उठून पाठवलंय असं सांगायला जात, मग तासाभराने मिळालं का म्हणून विचारत. लुपेने पहिले दोन दिवस हसून घेतलं. माझ्या आईनंतर मला इतकं कोणी विचारलं नव्हतं, असं ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. मोघ्यांना ते कौतुक वाटलं.

विरेमूचं वेगळं होतं. तो तंत्रज्ञांमधला सर्वांत जुना, छप्पन्न वर्षांचा. बोलण्यापेक्षा पान्हा चालवणं त्याला जास्त आवडे. ओटाहुहूच्या एका खाटकाच्या कूलरूमचं दार नीट मिटत नव्हतं, त्याचं रबर बदलायचं होतं. पुढे लेबर डेची तीन दिवसांची सुट्टी होती, लोक घरोघर बार्बेक्यू लावणार, खाटकाची खोली मांसाने भरलेली असणार. शुक्रवार संध्याकाळच्या आत रबर बसायलाच हवं होतं. विरेमूने मंगळवारी संध्याकाळी काम स्वीकारलं. मोघ्यांनी बुधवारी सकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं. विरेमूने मान डोलावली. बुधवारी भर दुपारी मोघ्यांनी त्याच्या मोबाइलवर फोन केला. होतंय मेट, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. पडद्यावर काम अजून ‘सुरू नाही’ असंच दिसत होतं. गुरुवारी सकाळी सात पस्तीसला मोघे पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले.

विरेमू थर्मासचं झाकण लावत होता. ते पूर्ण लावून झाल्यावर त्याने मोघ्यांकडे पाहिलं.

“तू मला हे काम दिलंयस की नाही? दिलं असशील तर ते माझं. तुझं असेल तर घेऊन जा.”

दिलंय, पण विचारायला काय हरकत आहे, असं मोघे म्हणाले. विरेमूने थर्मास खाली ठेवला. तो कॉम्प्युटरशी गेला, एका बोटाने टाइप करत त्याने ते काम मोघ्यांना उलट पाठवून दिलं आणि व्हॅन घेऊन निघून गेला. मोघ्यांनी ते स्वीकारलं. काम नाकारायचं बटण त्यांनी आयुष्यात दाबलं नव्हतं. आकडा १४० झाला.

शुक्रवारी दुपारी साडेचारला मोघे टाकानिनीला घरी जाण्याआधी ओटाहुहूला वळले. आपल्याला स्वतःला रबर बसवता येत नाही हे त्यांना माहीत होतं. पण परिस्थिती स्वतः बघून दुसरा तंत्रज्ञ बोलवावा असा बेत होता. खाटकाने त्यांना आत नेलं. दाराला नवंकोरं काळं रबर होतं. मोघ्यांनी खिशातून कागदाची पट्टी काढली, दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. निघेना. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी त्यांनी ओढून पाहिली. कुठेच निघेना.

कधी बसवलं, त्यांनी विचारलं.

“बुधवारी. तुझा फोन आला तेव्हा जुनं रबर त्याच्या हातात होतं,” खाटीक म्हणाला. मग त्याने सॉसेजेस हवीत का म्हणून विचारलं. मोघ्यांनी नको म्हटलं.

घरी सुचित्रा दिवाळीचा चिवडा परतत होत्या. मोघ्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून झालेलं सगळं सांगितलं. रबर बसवलं होतं तर गुरुवारी तसं सांगायचं, उलट पाठवायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा होता. सुचित्रांनी गॅस बारीक केला.

“अरे, मी दिवसाला शंभर लोकांना गोळ्या देते. कशा घ्यायच्या ते एकदा नीट सांगते. घेतली का, घेतली का, करत त्यांच्या मागे घरापर्यंत जाते का मी?”

“आणि नाही घेतली तर?”

“तर परत येतात. तेव्हा बघू. पण ज्याने घेतलीय त्याला तिसऱ्यांदा विचारलंस, तर तो दुकान बदलतो.”

मोघ्यांनी चिवड्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं. पण त्या संध्याकाळी त्यांनी एक प्रयोग केला. शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची दिवाळी होती आणि मोघे व्यवस्थेत होते. चहाचं दूध आणायचं काम मंडळाचे सहसचिव प्रमोद केतकर यांच्याकडे होतं. मोघ्यांनी त्यांना सोमवारी एक आणि बुधवारी एक असे दोन फोन केले होते. तिसरा शुक्रवारी संध्याकाळी सातला करायचा होता. सातला मोघे फोनपाशी गेले, त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि परत येऊन बसले.

शनिवारी हॉलमध्ये एकशेवीस माणसं जमली. फराळ होता, पणत्या होत्या, मोठ्या भांड्यात चहाचं पाणी उकळत होतं. प्रमोद केतकर भरजरी कुर्ता घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून, मोकळ्या हातांनी आले.

“दूध?” मोघ्यांनी विचारलं.

“अहो, तुमचा तिसरा फोन कुठे आला?” केतकर म्हणाले. “मला वाटलं, चहा रद्द झाला.”

ते थट्टा करत नव्हते. जवळ उभ्या असलेल्या दोघांनी माना डोलावल्या. त्यांनाही फोन आला नव्हता, त्यामुळे सतरंज्याही आल्या नव्हत्या. मोघे कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले आणि तिथे होतं तेवढं सगळं दूध घेऊन आले. चहा पाऊण तास उशिरा झाला. मोघ्यांच्या घरी कोणी आजारी आहे का, अशी दोन-तीन जणांनी सुचित्रांकडे चौकशी केली. एक गृहस्थ मोघ्यांना मॅनेजरसाहेब म्हणाले आणि कपात साखर कमी असल्याचं त्यांच्या कानावर घातलं.

सोमवारी लेबर डे होता. मोघ्यांनी सुट्टीत हिरवळ कापली आणि या दोन अनुभवांचा विचार केला. एका ठिकाणी विचारलं म्हणून बिघडलं होतं, दुसऱ्या ठिकाणी विचारलं नाही म्हणून. ते मूळचे कारखान्याच्या नियोजन खात्यातले असल्यामुळे यातून त्यांनी तत्त्वज्ञान काढलं नाही. ऑफिसची एक आणि मंडळाची एक, अशा दोन याद्या कराव्या लागतील एवढंच काढलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी रबराचं काम उघडलं. ते झालेलं होतं आणि त्यांच्या नावावर होतं. स्वतःच टिक करून टाकलं असतं तर यादीतून एक कमी झालं असतं, आणि गुरुवार दोन दिवसांवर आला होता. मोघ्यांनी टिक केली नाही. त्यांनी ते पुन्हा विरेमूला पाठवलं, खाली इंग्रजीत दोन ओळी लिहून. हे काम बुधवारी झालेलं आहे, मी पाहिलं. तू केलंस, तेव्हा टिकही तूच कर. मग ते वर्कशॉपमध्ये गेले नाहीत. त्यांनी फोनही केला नाही. ‘विचारणे’ असं नवीन कामही लिहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी आधीची १२९ ‘विचारणे’ एकदम निवडून काढून टाकली. खरंच काढायची का, असं कोणीही विचारलं नाही. आउटलुक अशा वेळी विचारत नाही. या कामाला अकरा मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं ते नुसते पडद्याकडे बघत होते.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विरेमूने काम स्वीकारलं. चार अकराला टिक आली.

बुधवारी सकाळी वर्कशॉपच्या दारात विरेमू त्यांना भेटला. “किआ ओरा, बॉस,” असा माओरी नमस्कार करून तो व्हॅनकडे गेला. याआधी तो मेट, म्हणजे मित्रा, म्हणत असे. मोघ्यांनी याची कुठे नोंद केली नाही.

बुधवारची सकाळ त्यांना जड गेली. वाटलेल्या कामांपैकी रबर सोडून एकावरही रेघ पडली नव्हती. कूलरमधून पाणी आणण्याच्या निमित्ताने ते बारा वाजेपर्यंत लुपेच्या टेबलाशेजारून सात वेळा गेले. सातव्यांदा तिने वर पाहिलं.

“काही विचारायचंय का?”

“नाही.”

“बरं नाहीये का?”

मोघ्यांनी ठीक आहे म्हटलं आणि हातातलं पाणी पिऊन टाकलं. लुपे कॉम्प्युटरकडे वळली. सव्वाबाराला मोघ्यांच्या पडद्यावर रेघा पडायला लागल्या, एकामागून एक, एकतीस. पंख्याची ऑर्डर गेल्या गुरुवारीच गेलेली होती. बाकीचीही बहुतेक मागच्या आठवड्यातली होती. हे आज एकदम कसं, असं मोघ्यांच्या तोंडून निघून गेलं.

“तू विचारायला येणारच होतास,” लुपे म्हणाली. “तुला तोंडाने सांगायचं आणि परत इथेही टिक करायची, एकच गोष्ट दोनदा कशाला? आज आला नाहीस. म्हटलं, हा आता यंत्राला विचारत असेल.”

मोघे जागेवर जाऊन बसले. वाटलेल्या १२९ कामांपैकी किती आधीच झालेली असतील याचा त्यांनी अंदाज बांधायला घेतला आणि सोडून दिला. संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याहत्तर रेघा पडल्या होत्या. उरलेली कामं ज्याच्या त्याच्या नावावर होती, आणि त्यांच्या तारखा अजून यायच्या होत्या.

गुरुवार, २६ ऑक्टोबर. तीन वाजता ग्रॅहमने खुर्ची ओढली आणि पेन्सिल काढली. ज्यांचे मालक मोघे आहेत तेवढीच कामं त्यांनी पडद्यावर लावून ठेवली होती. ग्रॅहम खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला.

“अकरा,” तो म्हणाला.

मोघ्यांच्या हिशेबाने दहा होती. ग्रॅहमने पेन्सिल अकराव्यावर ठेवली. ते काम होतं ‘ऑफिस उघडणे’. वेळ सकाळी ६.५०, रोज. सकाळी कुलूप उघडलं की मोघे त्याच्यावर टिक करत, आणि टिक केली की ते दुसऱ्या दिवसाची तारीख घेऊन यादीत परत येई. झालेलं काम म्हणून मोघ्यांनी ते कधी मोजलंच नव्हतं.

“हे तुला कोणी दिलं?”

मोघ्यांनी आठवून पाहिलं. २००१ साली नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ते रोज सातच्या आत येऊन दाराशी उभे राहत. चौथ्या दिवशी तेव्हाच्या रिसेप्शनिस्टने किल्लीच त्यांच्या हातात ठेवली होती. बाकीचे लोक साडेसातला येत. साडेसातच्या आत ऑफिस उघडायला हवं असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

“कोणी नाही,” ते म्हणाले.

ग्रॅहमने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घातली. भिंतीवरच्या घड्याळात तीन बारा झाले होते. मोघ्यांनी काम उघडलं. वेळ बदलून ७.३० केली. पाठवायच्या रकान्यात लुपेचं नाव घातलं. छोटी चौकट आली. या कामाची आठवण बंद केली आहे, कारण तुम्ही आता या कामाचे मालक नाही. मोघ्यांनी ती पूर्ण वाचली आणि ओके दाबलं. सहा फुटांवर लुपेचा माउस एकदा वाजला.

“किल्ली?” तिने हात पुढे केला.

किल्ली जुडग्यातून काढायला वेळ लागला, कारण ती पाच वर्षांत कधी निघाली नव्हती. शेवटी लुपेने स्टेपल काढायचा चिमटा दिला. उघडताना दार जरा स्वतःकडे ओढावं लागतं, असं मोघ्यांनी तिला सांगितलं. हे त्यांनी एकदाच सांगितलं.

ग्रॅहमने कागदावर दहाचा आकडा लिहून त्याला गोल केला. “स्वीट अ‍ॅज,” तो म्हणाला. म्हणजे झकास. जागा मोघ्यांची झाली होती, पत्र उद्या मिळणार होतं. मोघ्यांनी आभार मानले. मग त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि ग्रॅहम खुर्ची जागेवर ठेवून निघून गेला.

संध्याकाळी टाकानिनीला सुचित्रांनी पत्र हातात आलं का म्हणून विचारलं. उद्या येणार आहे, मोघे म्हणाले. उद्या किती वाजता, ते विचारलंस का, असं सुचित्रांनी विचारलं.

“नाही.”

सुचित्रांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मंडळात इतक्यात कोणाला सांगू नकोस, असं मोघे म्हणाले. मग त्यांनी प्रमोद केतकरांना फोन लावला. रविवारी शाळेच्या हॉलच्या खुर्च्या परत लावायच्या होत्या आणि हा त्यांचा दुसरा फोन होता.

उद्या, शुक्रवारी, ऑफिस साडेसातला उघडेल; त्याआधी जो येईल तो दाराशी उभा राहील. दाराच्या किल्ल्या दोन आहेत. एक लुपेच्या पर्समध्ये आहे. दुसरी ग्रॅहमच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे आत.